आसावरीची उमजलहर

सोलापूरच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत डॉ. वत्सला होनराव यांनी बारा वर्षं खपून टोपीसारखं दिसणारं एक यंत्र तयार केलं होतं. नाव आकलनमापक. एखादी गोष्ट खरोखर समजते त्या क्षणी मेंदूत एक विद्युतलहर उसळते. तिला त्या उमजलहर म्हणत. पाठ केलेलं उत्तर आठवताना ती उसळत नाही. घोकंपट्टीचे दिवस भरले, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पहिल्या चाचणीत दोनशे मुलं होती. त्यांत सर्वांत स्पष्ट लहर निघाली बार्शीच्या आसावरी लोंढेची. लेखी परीक्षेत ही मुलगी जेमतेम पास होणारी. चंद्राच्या कलांचा प्रश्न वाचून तिने कपाळाला आठ्या घातल्या, पेन्सिलीभोवती खोडरबर फिरवून पाहिलं आणि एकदम हसली. त्या क्षणी आलेखावर लहर उसळली आणि वत्सलाबाईंना चक्क रडू आलं.

परीक्षा मंडळाचे सचिव पाटणे मात्र असे हुरळणारे गृहस्थ नव्हते.

“बाई, यंत्र उत्तम. पण आदर्श उत्तर कुठंय?”

“लहरीला कसलं आदर्श उत्तर, सर? प्रत्येक मेंदूची वेगळी, प्रत्येक प्रश्नाला वेगळी. मुलाची लहर त्याच्याच आधीच्या लहरींशी ताडून बघायची.”

“लाखो मुलांची? आणि फेरतपासणीला पालक आले की त्यांना काय दाखवू? निकष एकच हवा. आम्ही दरवर्षी आदर्श उत्तरपत्रिका छापतो. त्या बार्शीच्या मुलीची लहर छापू. जितकी जुळेल तितके गुण. नाव नाही टाकणार.”

यंत्र कपाटात पडून राहण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून वत्सलाबाईंनी सही केली. तिथेच त्या चुकल्या.

आदर्श लहरीची पुस्तिका निघाली आणि महिन्याभरात शिकवणी वर्गांनी घरगुती टोप्या आणल्या. पडद्यावर वर आदर्श लहर, खाली आपली. रोज दोन तास बसून खालची वरचीशी जुळवायची. श्वास रोखायला शिकावं तशी मुलं हेही शिकली. त्यासाठी प्रश्न वाचायचीही गरज नव्हती.

वर्षभराने राज्याच्या खगोलशाळेची प्रवेशपरीक्षा याच यंत्रावर झाली. जागा चाळीस. आसावरीला दुसरी कुठलीच शाळा नको होती. निकालाच्या दिवशी पाटणे खुशीत होते. तीन हजार मुलांना अठ्ठ्याण्णवच्या वर गुण मिळाले होते. आसावरीला एकेचाळीस.

वत्सलाबाईंनी तिला मुद्दाम प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. पाटणेही आले होते. हे आपणच सांगायला हवं, इतकी लाज त्यांना वाटत होती.

पडद्यावर दोन लहरी होत्या. आसावरीने खालच्या लहरीवर बोट ठेवलं.

“ही माझी. भरती-ओहोटीच्या प्रश्नाची. मला कळलं होतं, बाई. खरंच कळलं होतं.”

“माहीत आहे मला. दिसतंय ते.”

“मग वरची कुणाची?”

“तुझीच,” वत्सलाबाई म्हणाल्या. “गेल्या वर्षीची. चंद्राच्या कलांची.”

“अगं, मग अवघड काय आहे?” पाटणे मायेने म्हणाले. “स्वतःचीच तर लहर. पुढच्या वर्षी सराव करून ये.”

आसावरीने बोट वरच्या लहरीवर नेलं.

“पण सर, चंद्राचं मला कळून गेलंय ना,” ती म्हणाली. “ते आता परत कसं कळेल?”

पाटण्यांनी सवयीने आदर्श उत्तरासाठी पुस्तिका उघडली.