पाचव्या वाफ्याचं पाणी

चष्मा द्यायचा आणि दोन मिनिटांत निघायचं, एवढंच ठरलं होतं. चष्म्याच्या दुकानात तिचं काम डोळ्यांचा नंबर तपासायचं. पोहोचवायचं काम तिचं नव्हेच. पण सकाळपासून एका खुर्चीवर बसून तिची चुळबूळ सुरू झाली होती, म्हणून ती आपणहून म्हणाली, "मी देऊन येते." गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत वस्तीतल्या लोकांनी मिळून भाजीची बाग केली होती, आणि रविवारी बाई तिथेच सापडतात असं कळलं होतं.

बाई सापडल्या. पण चष्मा हिच्या पर्समध्ये, त्यामुळे बाईंना समोर फक्त एक हलणारी आकृती दिसली असावी.

"आलात? केवढा उशीर! धरा हे पोतं."

"अहो, मी चष्मा—"

"चष्मा नंतर. आधी खत."

पोत्याच्या दुसऱ्या टोकाला तो होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटाजवळ ग्रीसचा काळा डाग, आणि ओठ असे घट्ट मिटलेले की हसू दाबतोय हे कुणालाही कळावं.

"तुम्ही पण चष्मा द्यायला आलात?" तिने हळूच विचारलं.

"छे. मी लिफ्ट दुरुस्त करतो. इथे मात्र रीतसर नाव दिलंय."

"मग आता मी काय करू?"

"आधी मागे बघा. उलट्या चालताय... आणि मागे नळ आहे."

पोतं पाचव्या वाफ्याशी ठेवलं तेव्हा बाईंनी चष्मा घातला, तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू कोण गं?" मग उत्तराची वाटही न बघता वही उघडली. "असो. आलीच आहेस. नाव लिहू का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. तिने सहज म्हणून त्याच्याकडे पाहिलं. तो तळहातावरची माती झटकत होता, पण कान इकडेच होते.

"लिहा," ती म्हणाली.

असा तिच्या वाट्याला मिरचीच्या बारा रोपांचा अर्धा वाफा आला. उरलेला अर्धा त्याचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाणी तिने घालायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याने. रविवारी सगळ्यांनी जमायचं. हजेरी नाही, सही नाही. "मोठी माणसं आहात," बाई म्हणाल्या, "पण वाफा मेला तर काढून घेईन. यादीत नऊ जण थांबलेत." मग त्यांनी वाफ्यावर पसरलेल्या वाळक्या पानांबद्दल आणि पाण्याबद्दल बरंच काही समजावून सांगितलं.

त्यातलं तिने काहीही ऐकलं नाही. कारण तो स्वतःच्या गालाला बोट लावून तिला खुणावत होता, की माती लागलीय. तिने गाल पुसला. त्याने मान हलवली... तो नव्हे, दुसरा. तिने दुसरा पुसला, तर पहिल्यावर हाताची माती लागली. तो हसला. तीही हसली. तोवर बाईंचं सांगून झालं होतं.

घरी आईने चपलांची माती पाहून विचारलं, "आता काय नवीन?"

"बाग."

"तीन आठवडे," आई शांतपणे म्हणाली.

आईचं काही चुकलं नव्हतं. गिटारचा क्लास तीन आठवडे, पोहणं तीन आठवडे, मातीची भांडी तर अडीचच. लेकीच्या पायाला भिंगरी लागलीय, हे आई येईल-जाईल त्याला सांगायची. दुसऱ्या रविवारी रोपं लावताना तिने हे सगळं त्याला स्वतःच सांगून टाकलं, अगदी हसत हसत. तो हसला नाही. रोपाच्या बुडाशी माती दाबता दाबता एवढंच म्हणाला, "म्हणजे तुमचा अजून एकच आठवडा उरलाय."

ते वाक्य तिच्या डोक्यात दिवसभर घोळत राहिलं. तो चिडवत होता, की त्याला वाईट वाटलं होतं? दुकानात एका आजोबांना तिने एकच भिंग चार वेळा दाखवलं आणि चारही वेळा विचारलं, "आता बरं दिसतंय?" आजोबा बिचारे प्रत्येक वेळी हो म्हणाले.

खरी गंमत तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. सोमवारी संध्याकाळी सातला दुकानातून सुटून तिने पाणी घातलं. मंगळवारी तिचं काही काम नव्हतं. पण घरी जायला बागेवरूनही एक रस्ता जात होता. थोडा लांबचा, अगदीच उलट्या दिशेचा म्हटलं तरी चालेल. तो कदाचित असेल... आणि असला तर आपण म्हणायचं, अरे, मी सहज चालले होते.

तो नव्हता. वाफ्यावर नजर गेली, तर रोपांखाली पसरलेली वाळकी पानं अगदी कोरडी, कुरकुरीत. म्हणजे तो आलाच नव्हता!

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अर्धा वाफा घेतो आणि पहिल्याच महिन्यात दांडी मारतो? पण रागाच्या पाठोपाठ धास्ती आली. बाईंना कळलं तर वाफा जाणार, आणि वाफा गेला की रविवार गेले. तिने बादली उचलली आणि त्याच्या वाटचं पाणी घातलं. गुरुवारी परत तेच. शनिवारीही तेच.

त्याला एक मेसेज करावा असं वाटलं. बागेच्या गटाच्या यादीत त्याचा नंबर होताच. "आज आला नाहीत का?" तिने लिहिलं आणि पुसलं. हे फार तक्रारीसारखं वाटत होतं. "बरे आहात ना?" लिहिलं, पुसलं. हे फारच काळजीचं झालं. मग "मिरच्या छान आहेत" असं लिहिलं, आणि तेही न पाठवता फोन उशीखाली खुपसून ठेवला.

रविवारी मात्र तो सगळ्यांच्या आधी हजर.

"पाण्याचं जमतंय ना तुम्हाला?" तिने शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

"मला? उत्तम." त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "आणि... तुम्हाला?"

"मला काय झालंय न जमायला!"

"काही नाही. दुकानात काम करून दमत असाल. एखादा दिवस चुकला तरी हरकत नाही. मी आहे."

मी आहे म्हणे! वर तोंड करून सांगतोय! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि तरी ते "मी आहे" तिने घरी जाताना मनातल्या मनात किती वेळा घोळवलं याला गणती नाही. हा माणूस रविवारी असा बोलतो की जीव वितळावा, आणि मधल्या दिवसांत फिरकतही नाही. याला आपल्याशी काही देणंघेणं आहे की नुसतीच जिभेवर साखर? जेवताना, झोपताना, भिंगं पुसताना तिच्या डोक्यात हाच भुंगा. आई एकदा म्हणालीही, "अगं, बस जरा. घरात येरझाऱ्या घालून फरशी झिजेल."

सहाव्या आठवड्यात मिरच्यांची पानं पिवळी पडली. कळ्या धरल्या होत्या, त्या गळून पडल्या. बाईंनी कुंपणाजवळूनच पाहिलं आणि फर्मान काढलं, "पुढच्या रविवारपर्यंत सुधारली नाहीत तर वाफा दुसऱ्याला."

त्या आठवड्यात तिने आपल्या दिवशी दोन बादल्या घातल्या आणि त्याच्या दिवशीही दोन. शनिवारी संध्याकाळी रोपांसमोर उकिडवी बसून ती चक्क त्यांची मनधरणी करत होती. रोपांनी माना टाकल्या होत्या. मिरच्या जगल्या नाहीत तर मी त्याला भेटायचं कशाच्या निमित्ताने, हा एकच प्रश्न होता, आणि तो रोपांना विचारण्यात काही अर्थ नव्हता.

रविवारी बाईंनी सगळ्यांसमोर एक रोप उपटलं. त्याआधीच तिने ठरवून ठेवलं होतं. दोष त्याच्यावर येऊ द्यायचा नाही.

"बाई, चूक माझी आहे," ती घाईघाईने म्हणाली. "माझ्या पाण्याचे दिवस चुकले. हे मात्र रोज वेळेवर येत होते."

"नाही बाई," तो पुढे झाला, "त्या येत होत्या. मीच कमी पडलो."

"गप्प बसा दोघं." बाईंनी रोपाची मुळं दोघांच्या नाकासमोर धरली. काळी, बुळबुळीत, आणि वास तर असा की तिने श्वासच रोखला. "ही तहानेने मेली नाहीत. बुडून मेलीत. किती पाणी घालत होतात?"

तिने मातीचे हात पाठीमागे लपवले.

"खरं सांगा."

"माझ्या दिवशी माझं," ती पुटपुटली. "आणि... यांच्या दिवशी यांचं. संध्याकाळी बघायचे तर वाफ्यावर पसरलेली पानं कोरडी असायची. मला वाटलं, हे येत नाहीत."

"मी सकाळी सहाला येऊन घालत होतो!" तो जवळजवळ ओरडलाच. "आणि तेव्हा मलाही पानं कोरडीच दिसायची. मला वाटलं, आदल्या दिवशी तुम्ही आला नाहीत. म्हणून तुमच्या वाटचंही घालायचो."

बाईंनी डोळे मिटले. "पहिल्या दिवशी घसा फोडून सांगितलं होतं. वरची पानं कोरडीच दिसणार. ती बाजूला सारून बोट दोन पेरं मातीत घालायचं, आणि मगच पाणी. तेव्हा लक्ष कुठे होतं तुमचं?"

तिने जमिनीकडे पाहिलं. त्याने आभाळाकडे. मागे कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळी बागच हसायला लागली. बाई सोडून. बाईंनी वही काढून पाचव्या वाफ्यापुढची दोन्ही नावं खोडली.

हात धुवायला ती कोपऱ्यातल्या नळावर गेली. माती केव्हाच निघाली होती, तरी ती हात चोळतच राहिली. शेजारी तो येऊन उभा राहिला.

"तुमच्या दिवशी संध्याकाळी मी दोनदा आलो होतो," तो म्हणाला. "सहज. म्हणजे... सहज नाही. फाटकापर्यंत पोचलो की फोन यायचा, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलंय. दोन्ही वेळा परत फिरलो."

"आणि मी तुमच्या दिवशी रोज यायचे. मिरच्यांसाठी नाही." आता थांबणं तिला जमणार नव्हतं. "मिरच्यांशी माझं काय नातं? मला तुम्ही आवडता. वाफा गेला याचं मला काही वाटत नाहीये, उद्यापासून यायला कारण नाही याचं वाटतंय. झालं. सांगितलं."

त्याने नळ बंद केला. त्याला हसू आलं होतं, पण ते पुरतं उमटलं नाही.

"एक सांगू? रागावू नका. आठवडाभर पानं पिवळी बघत होतो ना, तेव्हा मला मिरच्या मरतील याची भीती वाटत नव्हती. वाटायचं, झालं, या कंटाळल्या. गिटार, पोहणं, भांडी... आणि आता मी. मला ते नाही सोसणार हो. तीन आठवडे नाही पुरणार मला."

हसण्यावारी न्यायला इतकं सोपं होतं! तिच्या ओठांवर एक चटकदार उत्तर आलंही होतं. पण त्याचे डोळे बघून तिने ते गिळलं. कायमचं वचन द्यावं, तर आजवर एकही गोष्ट पुरी न करणाऱ्या मुलीच्या वचनाला किंमत ती काय? तिने मनातल्या मनात मागे जाऊन रविवार मोजायला घेतले. खताच्या पोत्याचा, रोपं लावायचा, मग पुढचे एकेक. मोजता मोजता तिचीच तिला कमाल वाटली. एकही चुकला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी हजेरी घेतली नव्हती.

"पुढचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण आज सातवा आठवडा आहे."

त्याने तिचा ओला हात हातात घेतला, तिकडे बाई बघत असतानाच.

"उद्या दुकानातून किती वाजता सुटतेस?"

"सातला," ती म्हणाली. "रोज सातला."