पटदिवा

“ही गोष्ट कोणाला सांगितली, तर कोणी विश्वास ठेवणार नाही,” गुरुपादअण्णा जंगम खुर्ची ओढत म्हणाले, “म्हणून खास तुम्हाला सांगायला आलोय, बाई. तुमचा तसाही कशावरच विश्वास बसत नाही. माझं नुकसान काय?”

कॉटवर पडलेली डॉक्टर चारुशीला तेंबे हसली. हसताना कुठेतरी दुखलं, तेही चेहऱ्यावर उमटलं. यकृतात सुरू झालेला कर्करोग आता कुठे आहे यापेक्षा कुठे नाही हे सांगणं सोपं होतं, आणि ते तिने स्वतःच तपासण्या पाहून डॉक्टरांना सांगितलं होतं.

कृष्णाकाठच्या संजीवक रुग्णालयातला हा निरोपकक्ष. इथे आलेला माणूस घरी परत जात नाही. चारुशीलाच्या कपाळावर बोटभर रुंदीची करडी पट्टी होती आणि डोक्यामागे, कॉटच्या दांडीवर, सुपारीएवढा एक दिवा. दिवा बोलणाऱ्याला दिसायचा, पडलेल्याला नाही. तशी योजना तिचीच. पट्टीही तिची, दिवाही तिचा. सगळं यंत्र तिने बनवलं होतं आणि आज हट्टाने स्वतःच्या डोक्याला बांधून घेतलं होतं.

“आधी यंत्र चालतंय का बघा,” ती म्हणाली.

“आज गुरुवार आहे,” अण्णा म्हणाले.

दिवा निळा लागला आणि विझला. दारातून जाणाऱ्या नर्सने तो पाहिला, अण्णांनी नाही. बोलताना दिव्याकडे बघायचं नाही, हा त्यांचा नेम होता. का, ते पुढे येईलच.

“चालतंय,” नर्स म्हणाली आणि दार ओढून निघून गेली.

“आता सांगा तुमची थाप.”

“थाप? निपाणीकडच्या एका उरुसात आमच्या तंबू टॉकीजचं मशीन जळालं. पडदा कोरा. तिकिटं तर फाटलेली. मी भोंगा उचलला आणि अख्खा सिनेमा तोंडाने सांगितला, मारामारीसकट. लोक रडत बाहेर पडले. एक म्हातारी तर म्हणाली, हिरॉइनच्या साडीचा रंग फार उठून दिसत होता!”

“खोटं,” चारुशीला म्हणाली. “मागच्या वेळी तुम्ही गडहिंग्लज म्हणाला होता.”

“तिथेही जळालं होतं. मशीन जुनं होतं.”

ती पुन्हा हसली. मग बराच वेळ छताकडे बघत राहिली. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. दोघांनाही ठाऊक होतं, की सांगायची गोष्ट ही नव्हे.

*

अण्णा धीरकरी होते. धीरकरी म्हणजे मरणाऱ्याजवळ बसणारा माणूस. तो औषध देत नाही, नाडी बघत नाही. बसतो, बोलतो, आणि रोग्याने मागितली तर प्रार्थना म्हणतो. तीही रोग्याच्या धर्माची, स्वतःच्या नव्हे. संजीवकमध्ये असे तिघे होते. वसईकडच्या फिलोमिनाबाई रुमाव, आधीच्या नर्स, केळीच्या बागायतदारांच्या घरातल्या. रत्नागिरीकडचे हमीदसाहेब काझी. त्यांच्या घरी मयताला आंघोळ घालायचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आणि तिसरे हे भोंगेवाले जंगम, पूर्वी तंबू टॉकीजची जाहिरात भोंग्यावरून करत गावोगाव फिरणारे. तिघांनी एकमेकांच्या प्रार्थना पाठ केल्या होत्या. काझीसाहेब संस्कृत स्तोत्रं इतकी स्वच्छ म्हणत, की एक आजीबाई मरणं लांबवून त्यांना पुन्हापुन्हा म्हणायला लावत होत्या, असं अण्णा सांगत. ते खरं असावं, कारण काझीसाहेब ते ऐकून लाजत.

एके दिवशी चारुशीलाने तिघांना आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं.

“आता इमान मोजणार का, बाई?” काझीसाहेबांनी विचारलं होतं.

“इमान नाही, काझीसाहेब. फक्त पटणं.” तिने पट्टी टेबलावर ठेवली. “आपण एखादं वाक्य ऐकतो, तेव्हा मेंदू आधी ते आपल्या माहितीशी ताडून बघतो. याला क्षणसुद्धा लागत नाही. जुळलं, म्हणजे मेंदूने ते खरं म्हणून आत घेतलं, तर पुढच्या भागात एक ठराविक तरंग उठतो. मी त्याला प्रत्ययतरंग म्हणते. पट्टी तो पकडते, दिवा लागतो.”

“म्हणजे खरं बोललं की दिवा लागणार?” फिलोमिनाबाईंनी विचारलं.

“नाही. वाक्य खरं की खोटं, ते यंत्राला कळत नाही. ऐकणाऱ्याला पटलं की नाही, एवढंच कळतं. आणि कान सगळ्यांत शेवटी जातो. बेशुद्ध माणूसही शेवटपर्यंत ऐकत असतो. तेव्हा तुम्ही जे सांगता ते त्याला पटतं का, हे आपल्याला पहिल्यांदाच कळेल.”

पट्टी आधी अण्णांनी बांधून घेतली. काझीसाहेब म्हणाले, “गुरुपाद, तुझा गळा फार गोड आहे.” दिवा झळकन लागला. हसूनहसून सगळ्यांची पोटं दुखली.

मग फिलोमिनाबाईंनी बांधली. अण्णा म्हणाले, “तुम्ही फार भल्या बाई आहात.”

दिवा लागला नाही. त्यावर कोणी हसलं नाही.

चारुशीलाने हे यंत्र का बनवलं, ते तिने कुठल्याच निबंधात लिहिलं नव्हतं. पण निरोपकक्षात सगळ्यांना माहीत होतं. तिचे वडील इथेच गेले. ती तेव्हा बंगळुरूच्या एका परिषदेत मेंदूवर भाषण देत होती. निरोप मिळाला तशी निघाली, वेळेत पोहोचली नाही. वडील सारखे विचारत होते, चारू आली का? शेवटी फिलोमिनाबाईंनी त्यांचा हात धरून सांगितलं, “आली. दाराशी आहे. चपला काढतेय.” आणि ते गेले.

त्यांना ते पटलं होतं का? चारुशीलाला एवढंच जाणून घ्यायचं होतं. गेलेल्या माणसाला पट्टी बांधता येत नाही. पण मरणारी माणसं अशी वाक्यं मानतात का, हे तर शोधता येतं. मानत असतील, तर बहुधा बाबांनीही मानलं असेल.

रोग्यांना पट्ट्या बांधल्या गेल्या. धीरकरी बोलू लागले.

“सगळं नीट होईल.” दिवा नाही. “देव जवळ आहे.” दिवा नाही. “मुलांची काळजी करू नका, ती सुखात राहतील.” नाही. “तुमचा भाऊ निघालाय, येतोच आहे.” नाही. देवळातला, मशिदीतला, चर्चमधला, विहारातला, कुठलाही दिलासा घ्या, दिवा काळाच. यंत्र बिघडलं की काय ते बघायला कोणी म्हणे, “खिडकी लावली हं,” की लगेच निळा उजेड. “आता फार वेळ उरला नाही” म्हटलं, तर असा लागे की भिंत उजळावी. वाईट बातमी पटायला कोणाला कष्ट पडत नव्हते.

नातेवाइकांना हे कळल्यावर तर बोलायलाच नको. त्यांनी दिवा लावायची शर्यतच लावली. “बाबा, मी तुमच्यावर रागावलो नव्हतो!” मुलगा ओरडे आणि वर बघे. सून बोले आणि वर बघे. धीरकऱ्यांनाही तीच खोड लागली. हात रोग्याचा धरायचा आणि डोळे दांडीकडे. मरणाऱ्या माणसाला शेवटी दिसे काय, तर आपल्या डोक्याच्या वर बघणारी आपली माणसं.

हे पहिल्यांदा अण्णांच्या लक्षात आलं. तेव्हापासून त्यांनी नेम धरला: दिव्याकडे बघायचं नाही.

काझीसाहेब पहिले गेले. निघताना चारुशीलाला म्हणाले, “बाई, दुआ पटवायला नसते हो. ती म्हणायची असते. पण आता मला म्हणता येत नाही. ओठ हलतात आणि डोळे वर जातात.” ते परत गावी गेले, घरच्या कामाला लागले. “मयताला आंघोळ घालतो,” त्यांनी अण्णांना फोनवर सांगितलं. “त्यांच्या डोक्याशी दिवा नसतो.”

फिलोमिनाबाई थोडं थांबल्या. एका दुपारी त्या प्रयोगशाळेत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “डॉक्टर, तुझ्या पप्पांचं काय मग?”

चारुशीलाने खोटं बोलायचा प्रयत्न केला. पण फिलोमिनाबाईंसमोर आता खोटं बोलण्याला काय अर्थ होता?

“अनुमान काढायचं तर, नाही,” ती म्हणाली. “त्यांना पटलं नसणार.”

“म्हणजे ते जाताना त्यांना ठाऊक होतं. तू नाहीस, आणि मी खोटं सांगतेय.”

“हो.”

फिलोमिनाबाई वसईला गेल्या. पुढे त्यांची सख्खी बहीण वारली. त्या तिच्याजवळ पूर्ण वेळ बसून होत्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत, असं कानावर आलं. मागच्या पावसाळ्यात त्याही गेल्या. त्यांच्याजवळ कोण होतं, ठाऊक नाही.

उरले अण्णा. ज्याने कोऱ्या पडद्यापुढे सिनेमा सांगितला, त्याला दिव्याचं काय भय!

*

“अण्णा,” चारुशीला म्हणाली. आवाज बारीक झाला होता. “एक तरी बरी गोष्ट मला पटावी, मग जावं. एकच. म्हणून बांधलीय ही पट्टी. सकाळपासून सगळे येऊन गेले. वर बघतात आणि पडतात बाहेर.”

“कुठली गोष्ट पटायला हवी?”

“तुम्हाला माहीत आहे.”

अण्णांनी घसा खाकरला. भोंगा उचलण्याआधी खाकरत असत, तसाच.

“फिलोमिनाबाई जायच्या आधी मला एक बोलल्या होत्या. तुम्हाला सांगायची लाज वाटली त्यांना, तुम्ही अनुमान काढून बसला होता ना! त्यांनी तुमच्या बाबांना सांगितलं, चारू दाराशी आहे, चपला काढतेय. बाबांनी डोळे उघडले. आणि काय म्हणाले सांगा?”

“काय?”

“म्हणाले, कवळी द्या.”

चारुशीला वळून त्यांच्याकडे बघू लागली.

“कवळी, बाई! स्टीलच्या वाटीत ठेवलेली. बोळक्या तोंडाने लेकीपुढे कसं जायचं? फिलोमिनाबाईंनी बसवून दिली. त्यांनी ओठ मिटून बघितले, नीट बसली का ते. मग दाराकडे तोंड केलं. ज्याला पटलं नाही, तो माणूस दात मागतो का हो?”

“मी आले तेव्हा कवळी वाटीतच होती,” ती हळूच म्हणाली. “रुमालात बांधून माझ्या हातात दिली.”

“गेल्यावर काढतात. नियमच आहे. विचारा कोणालाही.”

नियम खरंच होता. चारुशीलाला तो माहीत होता. तिची बोटं चादरीवर एकदा उघडली, मिटली. तिला आठवत असावं: बाबा घरी कोणी आलं की आधी मोरीकडे जायचे, पाठमोरे होऊन कवळी बसवायचे आणि मग “या, या” म्हणत बाहेर यायचे. कवळीचं अण्णांना कोणी सांगितलं असेल? फिलोमिनाबाईंनीच ना?

“दाराकडे बघत होते?” तिने विचारलं.

“दाराकडे. हसत होते, असं म्हणणार नाही. कवळी घालून पडल्यापडल्या हसता येत नाही. पण वाट बघत नव्हते. आलेल्या माणसाकडे बघावं, तसं बघत होते.”

तिचा श्वास एक यायचा, मग दुसऱ्याला उशीर व्हायचा.

आता गुरुपादअण्णांजवळ शेवटचं एक वाक्य होतं. सगळ्या दिलाशांची माती झाली तेव्हापासून ते त्यांनी जपून ठेवलं होतं, कोणावर वापरलं नव्हतं. कारण वापरायला असा रोगी हवा होता, ज्याला यंत्र ठाऊक आहे. वाक्य साधं होतं: दिवा लागला. ऐकणाऱ्याला हे पटलं, तर पटल्यामुळेच दिवा लागणार, आणि वाक्य खरं ठरणार. जगातली ही एकच थाप अशी, की मानली तर थाप राहत नाही. तिने एवढी एक मानली असती, तर मागची कवळी, दार, चपला, सगळं त्या उजेडात आलं असतं. बाबाही.

“अण्णा.” तिने मान उचलायचा प्रयत्न केला, वर, मागे बघायला. मान वळली नाही. “अण्णा, खरं सांगा. दिवा?”

अण्णांनी दिव्याकडे पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांत पाहिलं, तिचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि सगळं आयुष्य ज्या आवाजावर काढलं त्या आवाजात म्हणाले,

“लागला, बाई. हा काय, लख्ख लागलाय.”

एवढं बोलायला लागतो त्याहून कमी वेळ तिला ते ताडून बघायला लागला. यंत्र तिचंच होतं.

“खोटं बोलताय, अण्णा,” ती म्हणाली. “मला पटलं नाही.”