जळणाची शेवटची खेप

वाऱ्याने ओली चादर हिरवळीवरून उचलली आणि मोळी घेऊन येणाऱ्या एका परक्या तरुणाच्या तोंडावर नेऊन आपटली. बेर्गा धावली. चादरीतून आवाज आला, "अहो, जिवंत आहे मी अजून! कफन कशाला?"

बेर्गा खुदकन हसली... आणि तिथेच सगळा घोटाळा झाला!

तो मारिनुस, झीलंडहून नावेतून जळण आणणारा. ही बेगीन, पांढऱ्या टोपीतली, लेस विणून स्वतःचं पोट भरणारी, बेगिनहोफातल्या, म्हणजे भाविक एकट्या बायकांच्या भिंतीआडच्या वस्तीतल्या, एका माडीवर राहणारी. उन्हाळाभर तो खेपा घालत राहिला. तिच्यासाठी कधी शिंपले आणायचा, कधी नुसतीच थट्टा करायचा. पण त्यापुढे? एक अक्षर नाही! बेर्गाचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आज तर शेवटची खेप. कालवा गोठायच्या आत त्याला घर गाठायचं होतं, आणि घरी आईने मुलगी बघून ठेवली होती. हे त्यानेच सांगितलं, लाकडं रचता रचता, खाली मान घालून.

"कशी आहे?" बेर्गाने एक ओंडका उगाचच सरळ केला.

"चीज छान करते म्हणे."

"वा! मग झालं की तुझं."

"बेर्गा... चिडलीस?"

"मी? मी का चिडू? तू खा चीज!"

तेवढ्यात घंटा झाली. आता बाहेरच्या पुरुषांनी निघायचं. मारिनुस रिकामी टोपली उचलून वेशीकडे चालू लागला आणि बेर्गा त्याच्या मागून. विचार ना रे... एकदा तरी विचार!

उंबऱ्यापलीकडे जाऊन तो वळला. डोळे भरले होते त्याचे.

"रागावू नकोस... पण तू देवाला दिलेली नसतीस ना, तर आईला मी केव्हाच नाही म्हटलं असतं."

"मला? देवाला? कुणी दिलं?"

"म्हणजे... नन झालीस ना तू? जन्मभराची शपथ..."

"अरे वेड्या! शपथा मठातल्या नन घेतात. आम्ही बेगिनी! इथे आहोत तोवर इथले नियम. लग्न करावंसं वाटलं की थोरल्या बाईंना सांगायचं आणि चालू लागायचं!"

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. ती माडी, ती लेस, त्या मैत्रिणी, सगळं एका शब्दासरशी सुटणार होतं. आणि हा? नाही म्हणाला तर?

"मग... सांग ना त्यांना," तो म्हणाला.

"आत्ता?"

"मग काय पुढच्या उन्हाळ्यात? चीजवालीच्या लग्नाला येणार आहेस का?"

बेर्गाला हसू आणि रडू एकदमच आलं. झगा सावरून ती आत पळत सुटली. इकडे दारवान म्हाताऱ्या फराइल्डबाईंनी किल्ल्या वाजवल्या. "घंटा झाली हं! मी दार लावतेय."

मारिनुसने टोपली खाली टाकली आणि दाराला खांदा लावला.

"बेर्गा," तो ओरडला, "हळू जा, पडशील! दार मी धरून ठेवतो."