खोकडीची हद्द

आठवड्यात दोन कोंबड्या गेल्या, त्याही खुराड्याखालची माती उकरून. आता गंमत बघा, गोमतीच्या घरामागच्या माळावर एक खोकड (कोल्ह्याहून लहान, झुपकेदार शेपटीचा प्राणी) तीन वर्षांपासून राहत होती आणि एवढ्या दिवसांत तिने एकाही कोंबडीला तोंड लावलं नव्हतं. मग आताच तिला काय झालं?

बाबांना असले प्रश्न पडत नव्हते. ते भयंकर तापले होते. संध्याकाळी पिंजरा लावायचा, खोकड पकडून लांब सोडून यायची, विषय संपला! पण बिळात तिची चार पिल्लं होती, अजून दूध पिणारी. ती उपाशी मरतील म्हणून गोमतीचा जीव तुटत होता.

तिने तडक सुलभाआत्याला फोन लावला. आत्या प्राण्यांच्या वासांवर संशोधन करायची. दुपारी ती आली ती हुंग्याला घेऊनच. हुंग्या म्हणजे मांजराएवढा यंत्रमानव. त्याच्या नाकात संवेदक (वास ओळखणारे बारीक भाग) ठासून भरलेले, आणि स्वारी भलतीच आगाऊ.

खुराड्याजवळचे केस हुंगून त्याने सांगितलं, की हे आपल्या खोकडीचे नाहीतच, दोन परक्या खोकडांचे आहेत. मग आत्याने समजावलं. खोकड आपल्या हद्दीतल्या दगडांवर मुतून गंधखूण (वासाची खूण) ठेवते. परकी खोकडं ती हुंगतात आणि बहुधा बाहेरूनच परततात. इथली खोकड माणसांना बिचकून असते, उंदीर-नाकतोड्यांवर भागवते. नवखी मात्र धाडस करून बघतात. हिला पकडून नेलं, तर मोकळ्या हद्दीत आणखी नवखी येणार.

"पण खुणा गेल्या कुठे?" हुंग्या कुंपणाचे दगड हुंगत म्हणाला. "इथे नुसता फिनेलचा वास."

गोमती गप्प बसली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

"बाबा, मी धुतले ते दगड. पाहुणे येणार होते ना, आणि फार घाण वास यायचा. कोंबड्या माझ्यामुळे गेल्या."

बाबांनी फोन करून पिंजरेवाल्याला नको म्हणून कळवलं आणि जाळीचं भेंडोळं बाहेर काढलं. खुराड्याला लागून सगळीकडून हातभर रुंद जाळी जमिनीवर सपाट अंथरली, वर माती लोटली. उकरणारा प्राणी भिंतीच्या कडेलाच उकरतो, नखं जाळीला लागली की नाद सोडतो, असं आत्या म्हणाली. दिवस मावळायच्या आत कोंबड्या कोंडायचं काम गोमतीकडे आलं.

दगडांचं काम मात्र खोकडीनेच करायचं होतं. तीन दिवस सगळे वाट बघत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी बाबा कुंपणापाशी वाकले आणि नाक दाबून हसायलाच लागले.

"गोमे, ये लवकर. काय घाण वास येतोय बघ!"