मागे कोणी नाही

जे लिहितो आहे ते घडलेले आहे.

अडतीस वर्षे मी संस्कृत शिकवले. उच्चारलेला शब्द पवित्र असतो, हे मुलांना सांगण्यात माझे आयुष्य गेले. त्या शब्दालाच साक्षी ठेवून सांगतो, की यातले एकही वाक्य माझ्या पदरचे नाही.

हिवाळ्यातला रविवार होता. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. डोंगराच्या पायथ्याशी, रेल्वे फाटकाजवळ गाडी लावून मी उभा होतो. धुके इतके दाट, की फाटकावरचा लाल दिवा दिसत होता, फाटक दिसत नव्हते.

मी सात सायकलस्वारांची वाट पाहत होतो.

सातही जणांचा आवाज मला ऐकू आला.

आले मात्र सहा...

आता मागचे सांगतो.

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी निधी जमावा म्हणून आमची मंडळी दरवर्षी तीनशे किलोमीटरची सायकलफेरी काढतात. त्याआधी शनिवार-रविवार एकत्र सराव होतो. माझ्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला असल्यामुळे पाणी, केळी, जादा ट्यूब आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन गाडी चालवणे, हे माझे काम. उताराचा रस्ता अरुंद. मागून गाडीचे दिवे आले की पुढच्यांचे डोळे दिपतात. म्हणून गाडीने पुढे जाऊन पायथ्याशी थांबायचे, असा नियम होता.

दुसरा नियम मोजणीचा.

सगळे एकामागे एक चालवतात. पुढचा कप्तान, म्हणजे निवृत्त व्यायामशिक्षक, मध्येच ओरडतो, "मोजा!" मग पुढून मागे एकेकाने आपला आकडा पुकारायचा. जो शेवटी असेल त्याने आकड्यापुढे आणखी तीन शब्द जोडायचे: "मागे कोणी नाही!" ते ऐकू आले की कप्तान निश्चिंत. ऐकू आले नाहीत, तर सगळ्यांनी थांबायचे.

मागल्या वर्षी आठ जण होते. शेवटी होते घड्याळजी. घड्याळे दुरुस्त करणारे, मितभाषी, सज्जन गृहस्थ. उतारावर, चौथ्या किलोमीटरला रस्त्याखालच्या मोरीपाशी, ते कठड्यावरून खाली गेले. कोणाला कळले नाही. कारण त्यानंतरही मोजणी झाली आणि घड्याळजींच्या आवाजात खणखणीत उत्तर आले: "आठ, मागे कोणी नाही!"

पायथ्याशी सातच जण पोहोचल्यावर शोध सुरू झाला. दोन तासांनी ते सापडले, तेव्हा प्राण गेलेला होता. अर्धा तास आधी आणले असते तर वाचले असते, असे डॉक्टर म्हणाले.

मंडळींनी मनाशी ठरवले, की मरतामरता त्यांनी दिलेली ती हाक वाऱ्याने आणली. त्यांच्या पत्नीला, घड्याळकाकूंनाही, तसेच सांगण्यात आले.

खरे दोघांनाच ठाऊक होते.

माझा भाचा विजेची कामे करतो. आवाजांच्या नकला इतक्या हुबेहूब, की सगळे त्याला पोपट म्हणत. त्या दिवशी तो सातवा होता. घड्याळजी जरा मागे पडले असतील, येतीलच. हात गारठले आहेत, थांबले तर पुन्हा अंग तापायला वेळ लागेल, एवढ्याच विचाराने त्याने आधी "सात" म्हटले आणि मग त्यांच्या आवाजात "आठ".

अंत्यविधीहून परतताना त्याने हे मला सांगितले. मी म्हणालो, "कोणाजवळ बोलू नकोस."

हा सल्ला मी दिला. शब्दाला पवित्र मानणाऱ्याने.

या वर्षी सात जण होते. भाच्याने कप्तानाकडे मागून घेऊन शेवटची जागा घेतली.

शनिवारचा सराव दुपारी संपला. विश्रामगृहाच्या ओसरीवर सगळे साखळ्या पुसत बसले होते.

"पोपटराव, आज गप्प का?" दंतवैद्यबाईंनी विचारले. "जिभेला भूल दिल्याचं मला तरी आठवत नाही."

"कप्तानची नक्कल कर की," पोस्टमन म्हणाला. "ती शिट्टी गिळल्यावरची."

भाचा हसला नाही.

कप्तान कापडाला हात पुसत म्हणाला, "नक्कल राहू दे. तू मोजणीत शेवटचं का म्हणत नाहीस? सकाळपासून नुसतं सात, सात. दर वेळी सगळ्यांना थांबावं लागलं. तीन शब्द जड होतात का?"

"म्हणवत नाही."

"म्हणजे?"

"मागे कोणी नाही, असं म्हणवत नाही."

सगळे हसले. मी हसलो नाही.

संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला. दार लावले.

"मामा, पायडल मारायचं थांबलं की मागच्या चाकातून टिकटिक येते ना?"

"येते."

"मी थांबलो की माझी येते. मी पायडल मारायला लागलो की माझी बंद होते." तो क्षणभर थांबला. "मागची बंद होत नाही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गार पडली होती.

"उद्या सरावाच्या समारोपाला काकू येणार आहेत. मी सगळ्यांसमोर सांगून टाकतो. मला झेपत नाही हे."

"अरे, त्या माउलीचा विचार कर. नवऱ्याची शेवटची हाक आनंदाची होती, यावर ती जगते आहे. तेही काढून घेणार का?"

त्याने जमिनीकडे पाहतच दाराची कडी काढली.

"तुम्ही म्हणाल तसं, मामा."

माझ्या आयुष्यात शिष्याने इतक्या निमूटपणे माझे ऐकल्याचे दुसरे उदाहरण नाही.

आणि मग ती सकाळ.

फाटकापाशी नीरव शांतता होती. पाखरूसुद्धा बोलत नव्हते.

मग धुक्यातून, उंचावरून, कप्तानाची आरोळी आली. "मोजा!"

"एक!" तो स्वतः.

"दोन!" "तीन!" बेकरीवाल्या दोघी बहिणी.

"चार!" सुतार.

"पाच!" दंतवैद्यबाई.

"सहा!" पोस्टमन.

मग थोडी शांतता...

"सात, मागे कोणी नाही!"

भाच्याचा आवाज. स्वच्छ. आनंदी.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. बरे झाले, म्हटले, पोराच्या मनावरचे ओझे उतरले. थर्मासचे झाकण उघडले. सात पेले मांडले.

सातवा पेला हातात असतानाच मला आठवले.

त्याला ते म्हणवत नव्हते.

एकेक सायकल धुक्यातून बाहेर आली. पोस्टमन सहावा आला. त्याच्यामागे... रस्ता.

"पोपट कुठंय?" कप्तानाने विचारले.

"हा काय, मागेच," म्हणत पोस्टमन वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला. "आत्ता तर ओरडला. माझ्या मानेला श्वास लागला त्याचा."

कप्तान आणि दंतवैद्यबाई गाडीत चढले. कुठे न्यायची, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

चौथा किलोमीटर. मोरी. कठडा.

तो खाली दगडांत पडला होता. दंतवैद्यबाई माझ्याआधी उतरल्या. त्यांनी नाडी पाहिली, कपाळाला हात लावला.

"जिवंत आहे. पण रक्त सुकायला लागलंय. पडून वीस मिनिटं तरी झाली असतील."

मोजणी होऊन पंधरा झाली होती.

शेजारी सायकल उलटी पडली होती. तिचे मागचे चाक फिरत होते. टिक... टिक... टिक...

वीस मिनिटांनंतर... मंद नाही, संथ नाही. एकाच लयीत.

मी भाच्याच्या तोंडाशी कान नेला. डोळे उघडे होते. ओठ पुन्हा पुन्हा एकच आकार घेत होते. सात. सात. सात.

आवाज नव्हता.

आवाज आधीच पायथ्याशी पोहोचला होता.

"मग ओरडलं कोण?" कप्तान वर कठड्याशी उभा राहून विचारत होता. "कोण ओरडलं? बोला ना कोणीतरी!"

बोलण्याची ती वेळ होती. माझ्याकडे सांगण्यासारखे होते. मी खाली वाकून चाकावर हात ठेवला. ते थांबले. 

भाच्याची हाडे जुळली. तो चालतो, जेवतो, घरातली विजेची बटणे दुरुस्त करतो. पण त्या सकाळपासून तो बोललेला नाही. घशाला इजा नाही, असे तीन डॉक्टरांनी सांगितले. माझी बहीण मला विचारते, "दादा, आदल्या संध्याकाळी काय म्हणाला रे तो तुला?" मी तिच्या नजरेला नजर देऊ शकत नाही.

शेवटी गेल्या आठवड्यात मी घड्याळकाकूंकडे गेलो. सगळे सांगितले. तो आवाज कोणाचा होता आणि गप्प कोणी बसवले, दोन्ही.

त्या रडल्या नाहीत. दुकानाच्या काउंटरवरची घड्याळाची एक पट्टी सरळ करत राहिल्या.

"वर्षभर मी त्या एका हाकेवर दिवस काढले," त्या म्हणाल्या. "म्हणजे ते ओरडलेच नव्हते."

"नाही."

"किंवा ओरडले असतील. मदतीला. आणि तुमच्या पोरानं त्यांच्याच आवाजात सांगितलं, की मागे कोणी नाही."

 मी उठलो. दारापर्यंत आल्यावर त्यांनी विचारले, "तो आता बोलतो का?"

"नाही."

"मग त्याच्या वतीनं हे तुम्ही बोललात." त्या पट्टीकडेच पाहत होत्या. "तुमच्या घरात ही सवयच आहे."

त्या वाक्यानंतर मला झोप नाही.

हे सारे लिहून आज दुपारी मी भाच्याला वाचून दाखवले. तो खिडकीपाशी, माझ्यासमोर बसला होता. मोजणीपर्यंत आलो. सहा म्हणून मी थांबलो.

तो माझ्याकडे पाहत नव्हता. माझ्या खुर्चीच्या मागे पाहत होता.

या खोलीत घड्याळ नाही. मनगटावरचेही मी त्या रविवारनंतर काढून ठेवले आहे. सायकल अंगणातून केव्हाच गेली.

तरी आत्ता, ही शेवटची ओळ लिहीत असताना... टिक... टिक...

लेखणी थांबवली, की ऐकू येते. पुन्हा लिहायला लागलो, तरी थांबत नाही.

शेवटचे तीन शब्द लिहून कागद मिटणार होतो.

लिहवत नाहीत.