गिरणीचं इंजिन

मी दहावीत आहे, किन्हवलीच्या शाळेत, आणि आमच्या सहलीच्या बोटीला कोणतं डिझेल इंजिन बसवायचं हे घरात सगळ्यांत चांगलं मला कळत होतं. फुशारकी नाही ही. बोटीचं वजन, बसणारी माणसं, पंख्याचा आकार, सगळं मांडून मी कल्याणचं दोन सिलिंडरचं निवडलं होतं. हलकं, बटण दाबलं की सुरू!

बाबांनी मुरबाडच्या भंगारवाल्याकडून एक सिलिंडरचं जुनं धूड आणलं.

"आमच्या गावच्या गिरणीचं हाय गो ते, दर्शना. ठोका ऐकला नि वळाखलं."

ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. त्याच पाण्यावर आमची बोट चालते. तिथे म्हणे गिरणीची वेळ ठरलेली नसे. इंजिनाचा ठोका ऐकू आला की बाया भाताची पोती डोक्यावर घेऊन निघत आणि नंबर लावत.

"बाबा, रविवारी पाहुणे येणार. बुडवायचंय का त्यांना?"

"लय शाणी झालीस. बस."

चाचणीला आम्ही दोघंच होतो. बोटीच्या अंगावर पांढरा पट्टा आहे. पूर्ण भरली की पाणी तिथवर चढतं. काठावरून निघालो तेव्हा, एवढं जड इंजिन असूनही, पट्टा पाण्याच्या वीतभर वर होता. मी नीट पाहून घेतलं.

मध्यावर बाबांनी इंजिन मंद केलं. ठुक. ठुक. ठुक. बोट डावीकडे कलली, सावरली. पुन्हा कलली. वाकून पाहिलं तर पट्टा पाण्याला टेकलेला. मी तळाच्या फळ्या उचलल्या. खाली कोरडं.

"बाबा, बोट खाली चाललीय."

"गर्दी हाय," बाबा म्हणाले. हसत होते. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पट्टा बुडाला.

पाणी बोटीच्या काठाला आलं.

मी डिझेलचा कॉक बंद केला.

ठोके थांबले. मग बोट वर आली, हिसक्याहिसक्यानं, एकेक जण उतरावा तशी.

"उतरवलंस त्यांना," बाबा म्हणाले. तेवढंच.

रविवारी बोटीवर माझं इंजिन होतं. पाहुणे खूश, पट्टा जागेवर. सगळे म्हणाले, पोरीनं बोट वाचवली. वाचवलीच! आता ती सुयोगकाका चालवतो. बाबा पुन्हा चढले नाहीत. जुनं इंजिन त्यांनी अंगणात विटांवर बसवलंय. मी शाळेतून येते तेव्हा ते चालू असतं, आणि बाबा शेजारी बसलेले असतात. माझ्याशी बोलत नाहीत.

आई मुरबाडकडची. तिनं ते गाव पाहिलेलंच नाही. आधी आवाजाला शिव्या द्यायची. काल मी दारात दप्तर उतरवत होते, ती चुलीपाशी भाकरी थापत होती. एकदा दाराकडे बघून म्हणाली,

"सरक ना गो. म्हातारी कवाची उभी हाय तुझ्या मागं."

मी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मी सरकले.