काठीचे तीन ठोके

बिलकीस मॅडमचा रविवार ठरलेला असायचा. लातूरच्या क्लासमध्ये आठवडाभर जीवशास्त्र घोकणाऱ्या पोरांपैकी पंधरा-वीस जणांना घेऊन त्या सकाळच्या एसटीनं जुन्या गावठाणावर जायच्या. भूकंपाला दहा वर्षं झाली होती. गाव दोन कोसांवर नव्या वस्तीत राहायला गेलं, अन् इथल्या ढिगाऱ्यांवर लिंब, बोरी, बाभळी माजल्या. आख्ख्या शिवारात सावली उरली ती इथंच. विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं तेही या झाडांच्याच जिवावर, असं मॅडम पोरांना बजावून सांगायच्या.

त्या रविवारी मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मधला सगळा झाडीचा तुकडा गावातल्या म्हाताऱ्या धोंडप्पाचा, अन् तो दुसऱ्याच दिवशी लाकडाच्या व्यापाऱ्याला तोडायला देणार होता. "मामा, एकदा फेरीला या, मग काय ते ठरवा," एवढंच मॅडमनी मागितलं होतं. म्हातारा आला खरा, पण पोरांच्या मागं जमिनीवर टेकला. त्याची बायको महादेवी याच ढिगाऱ्याखाली गेलेली. तेव्हापासून त्यानं इथं पाऊल ठेवलं नव्हतं.

फेरीचा एक रिवाज होता. मोठ्या लिंबाखाली सगळ्यांनी डोळे मिटायचे अन् दोन मिनिटं गप ऐकत बसायचं. मग मॅडम काठी दगडावर तीनदा ठोकायच्या, की डोळे उघडून एकेकानं काय ऐकलं ते सांगायचं.

ठक. ठक. ठक.

"भारद्वाज," जावेद म्हणाला.

"होला," उज्वला म्हणाली.

कशिश जमिनीकडंच बघत होती. मुदखेडहून शिकायला आलेली नवी पोरगी, पहिलीच फेरी तिची.

"तू काय ऐकलंस गं?"

"मॅडम, तुम्ही ठोकलं ना... त्याच्यानंतर खालून कुणीतरी ठोकलं. तीनदाच..."

पोरं हसली. धोंडप्पा हसला नाही. त्याचा तळहात मातीवर टेकलेला होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "किती दिस झाले तुमी हितं ठोकताय?"

"तीन वर्षं झाली, मामा. दर रविवारी."

"ढिगारे उपसताना मिलिटरीवाले असंच करायचे. तीनदा ठोकायचं अन् कान लावायचा. खाली कुणी जित्तं असलं, तर ते बी तीनदा ठोकायचं... मग खणायचं. तुमी दर ऐतवारी ठोकता, बाई... अन् निघून जाता."

सकाळचे नऊ वाजले होते. लख्ख ऊन होतं, होला घुमत होता. मॅडमनी काठी आवाज न करता गवतावर ठेवली.

धोंडप्पा गुडघ्यावर हात देऊन उठला. "झाडं न्हाई तोडायची. खाली राहिलेल्यांवरचं पांघरूण हाय ते. पर तुमी आता हितं येऊ नका."

झाडं वाचली. मॅडमना आनंद व्हायला हवा होता. पण एसटीत बसेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. तीन वर्षं आपण कुणाला तरी आशेला लावून परत येत होतो.

सोमवारी क्लास भरला. दोनशे पोरं, नुसता बाजार. मॅडमनी सवयीनं डस्टर टेबलावर आपटलं. तीनदा. अन् हात तिथंच थिजला.

वर्ग चिडीचूप झाला. तळमजल्यावरची खोली, खाली नुसती जमीन.

पहिल्या बाकावर बसलेल्या कशिशनं हळूच दोन्ही पाय वर उचलून घेतले.